सुपातली रॅम

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. भूत, भानामती, अंगात येणं, लिंबू-मिरची... यातलं काहीही मी मानत नाही. ‘मानत नव्हते’ असं लिहिलेलं नाही, नीट वाचा. आजही मानत नाही. खाली सांगणार आहे ते सगळं डोळ्यांनी पाहिल्यावरही मानत नाही, आणि म्हणूनच तर संताप होतो आहे.

दुसरं म्हणजे, या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण लोकांना जे काही दिसतं ते अमावस्येलाच कसं दिसतं? आणि तेही गाडी बंद पडल्यावरच? माझ्याकडे तसलं काही नाही. भर दुपार होती, लख्ख ऊन होतं, शेजारच्या गच्चीवर पापड वाळत होते आणि माझी जाऊ स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. ज्यांना घाबरायचंच आहे त्यांनी खुशाल पान उलटावं.

आणि तिसरं. ‘आजी, तुम्ही विसरल्या असाल’ असं पत्र कुणी पाठवलं, तर मी ते फाडून चुलीत टाकीन. गॅस असला तरी तेवढ्यासाठी चूल मांडीन.

तर — मी गोंदियाला फुलचूरमध्ये राहते. घरात मी आणि माझी धाकटी जाऊ, सुमन. दोघींचेही नवरे गेले. सुमनची मुलगी तिरोड्याला दिलेली, माझा मुलगा नितीन पुण्याला. एका घरात आम्ही दोघी सुना इतकी वर्षं भांडलो की आता कुठे त्या भांडणाला चव आली आहे.

बाहेरच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. तुमच्या टेबलावर असतो तसा नाही. जाड पिवळट खोकं, वर पेटीएवढा मॉनिटर. चारशे शहाऐंशी म्हणायचे त्या जातीला. मी गोंदियात कॉम्प्युटर क्लास काढला होता ना, त्यातलं हे शेवटचं मशीन.

आता त्या क्लासवाल्या बाईबद्दल सांगायलाच हवं. म्हणजे तेव्हाच्या माझ्याबद्दल. नागपूरला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली. पर्समध्ये लिपस्टिक नाही, स्क्रू-ड्रायव्हर. दर वाक्यात ‘सिस्टिम’. भाजीवालीने पाव किलो वांगी कमी तोलली तर तिलाही म्हणायची, “तुमच्या सिस्टिममध्ये एरर आहे.” ती भाजीवाली मला शेवटपर्यंत ‘सिस्टिमबाई’च म्हणत राहिली, आणि बाईसाहेबांना तो मान वाटायचा!

या सिस्टिमबाईचा सगळ्यात मोठा कायदा म्हणजे चपला बाहेर. गोंदियाच्या हवेत राइस मिलचा कोंडा, त्याची धूळ मशीनमध्ये जायला नको, एवढंच कारण. पण तिचा रुबाब असा की जणू आत गाभारा आहे. बरं, दारावर पाटी लावून थांबावं की नाही? नाही! तिने प्रोग्रामच लिहिला. मशीन सुरू झालं की पडद्यावर पहिला प्रश्न यायचा — चप्पल बाहेर काढली का? वाय दाबलं की ‘वेलकम’. एन दाबलं की ‘प्लीज गो आउट’, आणि मशीन जागच्या जागी मुकाट. बंद करून परत सुरू केल्याशिवाय हलायचं नाही. ज्याला खोटं बोलायचं तो पायात चपला ठेवून सरळ वाय दाबेल, एवढं साधं त्या हुशार बाईच्या डोक्यात आलं नाही. आणि हा तिच्या आयुष्यातला सर्वोत्तम प्रोग्राम, बरं का.

असो. क्लास बंद झाला, मशीन घरी आलं, त्यावर आधी टेबलक्लॉथ आला आणि मग सुमनच्या लोणच्याच्या बरण्या.

गेल्या वर्षी गणपतीत नितीन आला. तो पुण्याच्या कंपनीत सर्व्हर वगैरे सांभाळतो. मोठा इंजिनिअर आहे, पण बोटं पहिल्यांदा ठेवली ती याच मशीनच्या कीबोर्डवर. तो आला आणि नेमकं त्याच सकाळी माझ्या हातून दूध करपलं. संध्याकाळी मी त्याला नळाच्या पाण्याची तक्रार सांगितली, आणि जेवताना म्हणे परत तीच सांगितली. झालं! साहेबांनी फाइल उघडली.

“आई, तू पुण्याला चल माझ्याकडे. विसरायला लागली आहेस तू.”

“दूध कुणाचं करपत नाही रे?”

“तेवढंच नाही. एकटीने राहायचं वय नाही आता.”

“एकटी कुठे? सुमन आहे.”

“काकूपण विसरतात.”

आतून आवाज आला, “मी काय विसरली रे बापा? मांगच्या दिवाळीले तू नेलेला स्टीलचा डब्बा अजून वापस नाही आणला, थे सांगू का?”

नितीन हसला, पण मुद्दा सोडला नाही. घर बंद करायचं, मी पुण्याला जायचं, सुमनने मुलीकडे तिरोड्याला. सगळं ठरवूनच आला होता. तिरोडा म्हटल्याबरोबर स्वयंपाकघरातली भांडी एकदम गप्प झाली. जावयाच्या घरी कायमचं राहायचं म्हणजे सुमनसाठी काय, हे मला ठाऊक आहे. आणि पुण्यातल्या दहाव्या मजल्यावर कुणाशी भांडायचं, हे मला ठाऊक नाही.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “माझ्या डोक्याची परीक्षा दुधावरून घेतोस? ते बरण्यांखालचं मशीन दिसतं का? त्याचा स्क्रू न् स्क्रू मला पाठ आहे.”

“आई, ते खोकं आता सुरूसुद्धा होणार नाही.”

“आणि मी करून दाखवलं तर?”

मला वाटतं, म्हातारीला खेळ मिळेल, गुंतून राहील, असा त्याने विचार केला असावा. म्हणाला, “तर पुण्याचं नाव काढणार नाही. पण दिवाळीपर्यंत झालं नाही तर बॅग भरायची. कबूल?”

“कबूल. सुमन, ऐकलंस ना?”

“ऐकलं वो बाई. भिंतीनंबी ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी तो गेला आणि मी बरण्या उतरवल्या.

कव्हर उघडलं तर आत पालीची अंडी, कोळ्याचं जाळं आणि एक मेलेलं झुरळ, बिचारं कॉम्प्युटर शिकायला आलं असावं. सगळं झाडलं. मशीनची तारीख-वेळ जपायला बाहेरून सेलचा डबा जोडलेला असतो, त्यातले सेल पाझरून गेले होते. मी टीव्हीच्या रिमोटमधले काढले, भिंतीवरच्या घड्याळांतले काढले आणि बसवले.

“बाई, माह्या सिरीयलचं काय?”

“त्यातली सून दोन महिन्यांपासून एकाच जिन्यावरून उतरून राहिली आहे. अजून चार दिवस उतरेल.”

मग बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि माझ्या छातीत काही हलायच्या आतच सुरू झाली शिट्टी. लांब, रडकी, थांबून थांबून येणारी. पडदा काळाच. ही शिट्टी ज्याने एकदा ऐकली त्याला सांगावं लागत नाही — मेमरी सापडत नाही म्हणून बोर्ड बोंबलतो आहे.

मेमरी, म्हणजे रॅम, या जुन्या मशीनमध्ये बोटभर लांबीच्या हिरव्या पट्ट्यांवर असते. पट्टी खाचेत तिरपी घालायची, मग उभी करायची, की दोन्ही बाजूंच्या चिमट्या ‘टक’ करून धरतात. माझ्या मशीनमध्ये चार-चार पट्ट्यांच्या दोन पंगती. आणि पंगतीचा नियम असा की पहिल्या पंगतीतला एक जरी उठून गेला, तरी कुणालाच वाढायचं नाही. सगळे उपाशी. म्हणून एक पट्टी खराब निघाली की शोधायची कशी? तर एकेकाला उठवायचं, दुसऱ्या पंगतीतला आणून बसवायचं, बटण दाबायचं, शिट्टी ऐकायची. परत उठवायचं, परत बसवायचं.

मी आठवडाभर हेच केलं. प्रत्येक पट्टीची सोनेरी किनार नातीच्या सुटीत इथे राहून गेलेल्या कंपासमधल्या खोडरबराने घासली. खाचा ब्रशने साफ केल्या. एक चिमटी तुटली ती बांगडीच्या तुकड्याने दाबून बसवली. सगळ्या अदलाबदली करून झाल्या. शिट्टी काही जाईना. शेजारी विचारायला लागले, तुमच्याकडे कुकर लावला का?

खरं सांगते, त्या दिवसांत रात्री अंथरुणावर पडलं की मला पुण्याची लिफ्ट दिसायची. आणि सुमन, जी एरवी मला पाणी द्यायचं तरी ऐकवून देते, ती न सांगता चहा आणून ठेवायची. मला ते मुळीच आवडत नव्हतं. सुमन चांगली वागायला लागली म्हणजे काहीतरी संपत आलंय.

अशा त्या दुपारी लाइन गेलेली होती. मी ठरवलं, आज सगळं बाहेर काढून शेवटचं साफ करायचं. सगळ्या पट्ट्या काढल्या आणि सुपात ठेवल्या. सुपात यासाठी की घरंगळत नाहीत, आणि सुमन सुपातलं काही पाखडल्याशिवाय टाकत नाही. सूप मांडीवर घेऊन मी बॅटरीने खाचांमध्ये डोकावले, तर पहिल्या पंगतीच्या पहिल्या खाचेत अगदी तळाशी काहीतरी लाल.

नीट पाहिलं. तांदळाचा दाणा होता. कुंकवाने माखलेला. अक्षता!

मला लगेच सासूबाई दिसल्या. दिसल्या म्हणजे आठवल्या, गैरसमज नको.

दसऱ्याची गोष्ट. क्लासमध्ये मशीनचं कव्हर उघडं ठेवून मी मुलांना आतले भाग दाखवत होते, आणि सासूबाई ताट घेऊन आल्या. हळद, कुंकू, आपट्याची पानं, अक्षता. सिस्टिमबाई आडवी झाली. “आई, मशीन आहे ते! बैल नाही!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं पण नाही. “बैलाले करतो, नांगराले करतो, सुपाले करतो. मंग याले काऊन नाही? हे काय तुह्या पोटाले देत नाही?” आणि मूठभर अक्षता टाकल्या ना थेट उघड्या मशीनमध्ये!

सिस्टिमबाई सगळ्या विद्यार्थ्यांसमोर रडली. मशीन उलटं केलं, झटकलं, ब्लोअर मारला, दोन दिवस सासूबाईंशी अबोला धरला. आणि त्या ओसरीत बसून गहू निवडत म्हणत होत्या, “कितीबी झटक, एखादा दाणा राहतेच.”

राहिला होता! इतकी वर्षं तिथे बसला होता, किडासुद्धा लागला नव्हता. मला वाटलं, सापडलं! हाच दोष. दाण्यावर पट्टी बसते, टेकत नाही, म्हणून शिट्टी. मी चिमटा आणायला उठणार, तेवढ्यात लाइन आली.

या जुन्या मशीनचं बटण दाबलं की दाबलेलंच राहतं. मघाशी लाइन गेली तेव्हा मी ते सोडवायला... बरं, विसरले होते. एवढं एक विसरले, लिहून ठेवा. तर लाइन आली आणि मशीन आपोआप सुरू झालं. त्यात काही चमत्कार नाही. मी शिट्टीची वाट पाहिली.

शिट्टी आली नाही.

टक-टक-टक-टक... पडद्यावर डाव्या कोपऱ्यात आकडे चढायला लागले. मेमरीची मोजणी. हा आवाज मी क्लासमध्ये रोज सकाळी ऐकलेला. आकडा चढत चढत गेला आणि नेहमी थांबायचा तिथेच थांबला. पुढे ओके. मग हार्ड डिस्क खुरखुरली, आणि पडद्यावर प्रश्न आला — चप्पल बाहेर काढली का?

माझी मांडी सुपासकट गार पडली. बोर्डवर पाहिलं. आठही खाचा रिकाम्या. सुपात पाहिलं. पट्ट्या सगळ्या सुपात. हात फिरवून पाहिला, बोटांना कडा लागल्या.

सुमन चहा घेऊन आली. “झालं का वो बाई चालू! मले वाटलंच होतं!”

“सुमन, इकडे ये. या खाचांत काय आहे?”

“काही नाही.”

“आणि सुपात?”

“तुह्या थ्या पट्ट्या.”

“मग हे चालू कशावर झालं?”

तिने मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “लाइनवर.”

तिला कसं सांगू? रॅमशिवाय मशीन सुरू होणं म्हणजे पाटा-वरवंटा दोन्ही नाहीत आणि चटणी वाटून तयार! शिट्टी वाजते ती याचसाठी वाजते. इथे नुसतं सुरू झालं नव्हतं, नसलेली मेमरी मोजून दाखवत होतं!

मी काय डोळे मिटून हात जोडणारी नाही. बंद केलं. चिमट्याने दाणा काढला, सुरू केलं — शिट्टी. दाणा परत ठेवला — टक-टक-टक, ओके. दाणा काढून सगळ्या पट्ट्या बसवल्या — शिट्टी. पट्ट्या काढून डब्यातला साधा तांदूळ ठेवला — शिट्टी. त्याला कुंकू लावून ठेवला — शिट्टी. तोच दाणा ठेवला — चप्पल बाहेर काढली का?

संध्याकाळपर्यंत हेच. आणि दर वेळी माझं डोकं जास्त तापत गेलं. मग मी नागपूरला सहा महिने काय शिकले? उन्हाळ्यात कूलर नसलेल्या खोलीत राहून, वहिनीचे टोमणे खाऊन? मेमरीचे पत्ते, पंगती, मोजणी... सगळं पाठ केलं ते कशासाठी? सासूबाईंनी मूठभर तांदूळ फेकला आणि जिंकल्या? गेल्यानंतरसुद्धा माझ्या मशीनमध्ये बोट! जिवंतपणी स्वयंपाकघर सोडलं नाही, आता मदरबोर्ड!

सुमन म्हणाली, “बाई, वर पाहून कोणाले शिव्या देऊन राहिली?”

“कुणाला नाही. स्वयंपाकाला लाग.”

आता प्रश्न वेगळाच होता. मशीन चालू होतं, पैज मी जिंकले होते. पण नितीनला काय सांगणार? तुझी आई म्हणते, कॉम्प्युटर आजीच्या अक्षतेवर चालतो? बॅग माझ्याआधी त्यानेच भरली असती! शहाणी आहे हे सिद्ध करायला जे सापडलं, तेच तोंडातून काढलं तर वेडी ठरणार. असला न्याय कुठल्या कोर्टात असतो?

सुमनने तोडगा काढला. “झाकण लावून टाक. पोराले आंदरचं कायले दाखवतेस? स्वयंपाक चांगला झाला त कोणी चूल पाहते का?”

मी झाकण लावलं. सगळे स्क्रू घट्ट केले.

नितीन दिवाळीला एकटाच आला. सूनबाई आणि नात माहेरच्या दिवाळीला गेल्या होत्या. बाहेरच्या खोलीत आता कुणी चपला काढत नाही, तसा तोही बूट घालूनच आत आला. “काय आई, बॅग भरली का?”

मी सरळ बटण दाबलं.

टक-टक-टक ऐकल्याबरोबर त्याचा चेहरा असा झाला... दुसरीत असताना क्लासच्या पायरीवर बसून माझी वाट पाहायचा तसा. प्रश्न आला तर तो मोठ्याने हसला. “अजून विचारतंय!” आणि गमतीने एन दाबलं. ‘प्लीज गो आउट.’ मशीन मुकाट.

“आता?”

“आता काय? कायदा माहीत आहे ना. बूट काढ, आणि पहिल्यापासून सुरू कर.”

त्याने हसत हसत बूट काढले, बाहेर ठेवले, मशीन परत सुरू केलं, वाय दाबलं. वेलकम. त्याने मला जवळ घेतलं. “आई, मानलं तुला! हरलो मी.” तेवढ्यावर थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही! “कुठली रॅम बसवलीस गं? बघू तरी,” म्हणत स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

“नको रे, धूळ आहे.”

“अगं, बघतो फक्त.” चालू मशीनचं झाकण काढलं त्याने.

पाहत राहिला. मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं. खाली वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाला, “आई... रॅम कुठे आहे?”

मी कपाटावरच्या सुपाकडे बोट दाखवलं.

पुढचा तास त्याने जे केलं ते तुम्ही पाहायला हवं होतं. आधी म्हणाला, बोर्डवरच कुठेतरी वेगळी मेमरी बसवलेली असेल. नव्हती. मग म्हणाला, ही जुनी मोजणी हार्ड डिस्कमधून दिसत असेल. मग स्वतःच म्हणाला, छे, ते शक्य नाही. मग मी त्याला दाणा दाखवला. त्याने काढला — शिट्टी. ठेवला — टक-टक-टक. काढला, ठेवला. काढला, ठेवला. घाम फुटला होता त्याला, दिवाळीच्या थंडीत. सुमन दारात उभी राहून चकल्या खात होती. म्हणाली, “आता कोण विसरून राहिलं, सांग.”

जेवताना पुण्याचं नाव निघालं नाही, माझ्या दुधाचं निघालं नाही. जाताना सुपातल्या पट्ट्या रुमालात बांधून बॅगेत टाकल्या आणि म्हणाला, “ऑफिसमध्ये तपासून घेतो. काहीतरी कारण असेलच.” मीही तेच म्हणते आहे आजपर्यंत. कारण असेलच. सांगा ना मग!

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. सुमनला ऐकू यावं म्हणून मी स्पीकरवर ठेवला.

“आई, त्या पट्ट्या तपासल्या. सगळ्या गेल्यात. एकही चालत नाही.”

“बरं. मग?”

“मग काही नाही. त्या दिवशी मी लावल्या तेव्हा शेवटचं चालल्या असतील.”

“तू कधी लावल्यास?”

“अगं, झाकण काढलं, सुपातून पट्ट्या काढून लावल्या, मग सुरू झालं. तुझ्यासमोरच तर लावल्या. तू विसरलीस.”

विसरलीस! मला!

सुमनच्या हातातली वाटी खाली पडली. “खोटारडा!” ती ओरडली. पण मी आवाज ओळखते माझ्या पोराचा. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना नितीन भरभर बोलतो. हा शांत होता. त्याला खरंच तसं आठवत होतं. हिरव्या पट्ट्या बोटांनी धरल्याचं, चिमट्यांचा टक आवाज झाल्याचं, सगळं सांगत होता. ज्या डोक्याने रॅमशिवाय मशीन चालताना पाहिलं, त्याच डोक्याने महिन्याभरात रॅम आणून बसवली होती. मशीनची भीती मला कधीच वाटली नाही. त्या शांत आवाजाची मात्र वाटली.

क्षणभरच. मग जो राग आला!

फोन घेऊन मी बाहेरच्या खोलीत गेले. बटण दाबलं आणि फोन मशीनला लावला. टक-टक-टक-टक...

“ऐकू येतंय?”

“हो.”

“कशाचा आवाज आहे?”

“मेमरी मोजतंय.”

“आता मला सांग, त्या पट्ट्या या क्षणी कुठे आहेत?”

तिकडून ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

“इथे आहेत,” तो म्हणाला. “माझ्या टेबलावर.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

इकडे आकडा नेहमीच्या जागी येऊन थांबला. हार्ड डिस्क खुरखुरली.

“आई,” तो शेवटी म्हणाला, “तू तिथेच राहा.” रागाने नाही. लहान असताना ताप आल्यावर बोलायचा तशा आवाजात. “आणि... झाकण लावून ठेव त्याचं.”

एवढंच. आता हे मी का लिहिते आहे? कारण त्यानंतर तो या विषयावर एक अक्षर बोललेला नाही. विचारलं तर म्हणतो, जुनं मशीन आहे, होतं असं. होतं असं! पुण्यात होतं का? शेजारचे एक इंजिनिअर म्हणाले, बोर्डमध्ये उरलेली वीज असेल. त्यांना प्रत्यक्ष बघायला बोलावलं तर गुडघा दुखतो म्हणाले. सुमनला मात्र स्पष्टीकरणाची गरजच नाही. ती म्हणते, लाइनवर चालते. या दसऱ्याला ताट घेऊन आली होती, नव्या अक्षता टाकायला. मी हाकलली. एकाने एवढा छळ मांडलाय, मूठभर टाकल्यावर काय होईल?

मशीन अजून चालतं. दाणा तिथेच आहे. सासूबाईंवर माझा विश्वास नाही, बोर्डावर होता तो गेला. तुमच्यापैकी कुणाला खरं, पटेल असं कारण ठाऊक असेल तर लिहा. पण पहिल्या पानावर काय बजावलंय ते वाचून मगच लिहा.

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत नितीन सूनबाई-नातीला घेऊन आला. मी ओट्यावर बसले होते. कुणी काही सांगितलं नाही, पण बाहेरच्या खोलीच्या दारात तो थांबला, वाकला आणि बूट काढले. मग मोजे काढून बुटात कोंबले. नात पायात सँडल घालून तशीच आत धावणार, तर त्याने तिला धरलं.

“पप्पा, काऊन?” पुण्याची पोर; सुमनने मागच्या सुटीत दोन दिवसांत बिघडवलेली.

“आजीचा नियम आहे,” नितीन म्हणाला. माझ्याकडे न बघता.

हे मात्र त्याला बरोबर आठवतं.